मदत हवी आहे: सर्दीनंतर मुलाला कमी ऐकू येतंय

नमस्कार. मुलगा साडेचार वर्षांचा आहे. गेल्या सर्दीपासून टीव्हीचा आवाज वाढवतो, सारखं "काय?" विचारतो, पाठमोरा असताना हाक मारली तर वळत नाही. समोर बसून बोललं की सगळं कळतं. शाळेतल्या बाई म्हणतात, लक्ष देत नाही. मला तसं वाटत नाही, कारण काही दिवस नीट ऐकतो आणि सर्दी झाली की पुन्हा कमी. कान दुखत नाही, तापही नाही.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी टिम्पॅनोमेट्री (कानाचा पडदा नीट हलतो का, याची तपासणी) केली. पडद्यामागे पाणी साठलंय. या वयात कानापासून घशाकडे जाणारी नळी अरुंद आणि आडवी असते म्हणून असं होतं, बहुतेकदा ३ महिन्यांत आपोआप ओसरतं, तोवर थांबू, असं ते म्हणाले. ते पटलंय. पण 'स' आणि 'श' आत्ताच अस्पष्ट येतायत, त्याची फार काळजी वाटते.

ज्यांच्या मुलांना हे झालंय त्यांनी कृपया सांगा: वर्गात पुढे बसवण्याखेरीज काय उपयोगी पडलं? एवढ्या लहान मुलाची ऑडिओमेट्री (किती ऐकू येतं याची चाचणी) नीट होते का? ग्रोमेट (कानाच्या पडद्यात बसवायची बारीक नळी) घालायचा निर्णय कशावरून घेतला? कानात तेल घालायचे सल्ले मात्र नकोत, पाणी पडद्याच्या आत आहे.