शेवट आधीच माहीत असलेले ख्रिसमसचे पिक्चर, तुमचे अनुभव सांगा

डिसेंबर लागला की माझे ख्रिसमसचे टीव्हीपट सुरू होतात. शहरातली सतत फोनवर असणारी मुलगी, छोटंसं गाव, बंद पडायला आलेली बेकरी, चौकड्याचा शर्ट घातलेला मुलगा, शेवटी एक गैरसमज आणि मग बर्फात किस. पहिल्या दहा मिनिटांत सगळं कळतं, तरी काल रात्री एक बघितला आणि त्या दोघांनी तो इतका गोड करून टाकला की संपल्यावर अर्धा परत लावला. भांडताना तिला हसू येतं, ती खालचा ओठ दाबून धरते आणि ते त्याला दिसतं, बस एवढंच. स्टोरी पाठ असूनही फक्त माणसांसाठी असं काही बघितलंय का तुम्ही? सविस्तर लिहा.

*

आमच्या आजीला इंग्रजी ओ की ठो कळत नाही. सदाशिव पेठेतल्या घरात डिसेंबरात मटार सोलायला बसली की मला म्हणते, लाव गं तुझं ते बर्फाचं. सगळे हीरो काही ना काही लाकूडकाम करतात म्हणून ती त्यांना सुतार म्हणते. एकदा हीरो म्हाताऱ्या वडिलांच्या कोटाची बटणं लावून देत होता, डायलॉग काहीच नाही, नुसती बटणं. आजीचा हात थांबला, शेंग अर्धी उघडी तशीच बोटात, आणि म्हणाली, मुलगा चांगला आहे गं, हिने हो म्हणावं.

*

मी कॉलेजातल्या पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेपासून नाटक करतेय त्यामुळे मला या नटांचं फार कौतुक वाटतं. हे पिक्चर दोन-तीन आठवड्यांत उरकतात, बरेचसे कॅनडात, तेही कितीदा भर उन्हाळ्यात खोटा बर्फ पसरून. म्हणजे घाम येत असताना लोकरी कोट-मफलर घालून थंडीने हात चोळायचे आणि वर प्रेमातही पडायचं! सिंहगडावर पहाटे आपल्या तोंडातून वाफ निघते, यांच्या बर्फात निघत नाही, नीट बघा. लेसी शबेर या नटीने हॉलमार्क या अमेरिकन चॅनेलचे तीसच्या वर केलेत, २००४ च्या 'मीन गर्ल्स'मधली ग्रेचेन तीच. समोरचा बोलत असताना ती खरंच ऐकत असते, स्वतःच्या वाक्याची वाट बघत नाही. आमच्या तालमीत यासाठीच सगळ्यात जास्त बोलणी बसतात.

*

अगदी अगदी. २००६ चा 'द ख्रिसमस कार्ड' बघा, अफगाणिस्तानातल्या सैनिकाला एक कार्ड मिळतं आणि तो ते पाठवणारीला शोधत तिच्या गावी येतो, पुढचं तुम्हीच सांगाल. पण तिचे वडील झालेत एड अ‍ॅस्नर, आणि त्या कामासाठी त्यांना एमी या अमेरिकन टीव्ही पुरस्काराचं नामांकन होतं. साध्या गोष्टीत कसलेला नट आला की असं होतं.

*

मला नाही पटत पूर्ण. मागच्या आठवड्यात एक बघितला, सगळा मसाला तोच, पण ती दोघं एकमेकांकडे बघतच नव्हती, चाळीस मिनिटांत बंद केला.

*

अहो मग तुम्ही तेच म्हणताय की! संगीत नाटकाला जाणाऱ्यांना कुठे कथा माहीत नसायची? पदं पाठ असायची, तरी आज हा नट ते कसं घेतोय हे ऐकायला जायचेच ना.

*

लग्न होऊन कोथरूडला आले तेव्हा सासूबाईंशी काय बोलायचं तेच कळायचं नाही. नवरा नाइट शिफ्टला हिंजवडीत, घरात आम्ही दोघीच. एका रात्री मी असाच एक लावला, त्या येऊन शेजारी बसल्या. हीरोच्या आईचं काम करणारी बाई इतकी छान होती, सून होणाऱ्या मुलीला केक शिकवताना तिच्या गालाचं पीठ पदराने पुसावं तसं अ‍ॅप्रनने पुसते. सासूबाई बघत राहिल्या, मग म्हणाल्या, तुला पुरणपोळी नाही ना येत अजून, रविवारी करू. आता चार वर्षं झाली, डिसेंबरात कॅम्पातून प्लम केक आणतो आणि रोज एक बघतो. आई आता आधीच सांगतात कुठल्या सीनला भांडण होणार, आणि ते झालं की माझा हात दाबतात.