बेसबॉलमुळे भेटलेली अमेरिका : तुमचे अनुभव लिहा

इथल्या मराठी गप्पांत क्रिकेट येतंच, सुपर बोलच्या आठवड्यात अमेरिकन फुटबॉलही येतं. बेसबॉलबद्दल मात्र कुणी फारसं बोलत नाही, आणि मला ते खटकतं. मार्चअखेरीपासून सप्टेंबरअखेरीपर्यंत ३० संघ प्रत्येकी १६२ सामने खेळतात. म्हणजे उन्हाळाभर जवळजवळ रोज कुठल्या ना कुठल्या घरात, गॅरेजात, दुकानात सामना चालू असतो. या देशातली माणसं आपल्या आजोबांबद्दल, गावाबद्दल, झालेल्या अन्यायाबद्दल बोलायला लागली की सुरुवात बऱ्याचदा बेसबॉलपासून होते, असं माझं निरीक्षण आहे. म्हणून हा धागा. नियम समजावून सांगायची गरज नाही, ते कुठेही मिळतील. बेसबॉलमुळे इथली कोणती माणसं आणि कोणता इतिहास तुम्हाला कळला, ते लिहा. सुरुवात मी करते.

बॉस्टन (धागाकर्ती)

२००४ साली आम्ही बॉस्टनजवळ भाड्याने राहत होतो. खालच्या मजल्यावर घरमालकीणबाई, आयरिश वंशाच्या, सत्तरी ओलांडलेल्या. बॉस्टनचे रेड सॉक्स १९१८ नंतर वर्ल्ड सिरीज, म्हणजे मोसमाची अंतिम मालिका, जिंकलेच नव्हते. पुढे बेब रूथ या स्टार खेळाडूला न्यू यॉर्कच्या यांकीजना विकलं त्याचा हा शाप, असं तिथलं शेंबडं पोरही सांगायचं. त्या ऑक्टोबरात, वर्ल्ड सिरीजच्या आधीच्या फेरीत, यांकीजनीच पहिले तीन सामने घेतले. सातातले चार जिंकायचे असतात, आणि तीन-शून्यवरून परत येणं मेजर लीगमध्ये, म्हणजे इथल्या सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉलमध्ये, तोवर कुणालाही जमलं नव्हतं. चौथ्या सामन्यात, रात्री एक वाजून गेल्यावर, बाराव्या इनिंगमध्ये डेव्हिड ऑर्टिझने होम रन मारला तेव्हा आजींनी झाडूच्या दांड्याने खालून छत ठोकलं. जागे आहात ना, म्हणून!

पुढचे तीनही जिंकले, मग सेंट लुईसला चारही सामन्यांत हरवलं. दुसऱ्या दिवशी आजींना वडिलांच्या थडग्यावर जायचं होतं, मी गाडीने नेलं. दफनभूमीत जागोजागी दगडांवर रेड सॉक्सच्या टोप्या आणि वर्तमानपत्राची पहिली पानं होती. त्यांच्या वडिलांनी १९४६, १९६७, १९७५ अशा तिन्ही वर्ल्ड सिरीज सातव्या सामन्यात हरताना पाहिल्या होत्या. आजींनी पेपर फुलांच्या कुंडीखाली दाबला आणि वडिलांना शेवटच्या सामन्याचा स्कोअर मोठ्याने सांगितला. तीन-शून्य. शेजारच्या थडग्यापाशी उभा असलेला एक अनोळखी माणूस म्हणाला, "त्यांना सांगा, लो चांगला खेळला." डेरेक लो, त्या सामन्याचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. अनोळखी माणसाशी असं सहज बोलणं बॉस्टनमध्ये मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

शिकागो

ताई, तुमच्या आजींचं वाचून आठवलं. २०१६ ला इथला संघ, कब्ज (Cubs), १०८ वर्षांनी वर्ल्ड सिरीज जिंकला तेव्हा लोकांनी त्यांच्या मैदानाच्या, रिगली फील्डच्या, विटांच्या भिंतींवर रंगीत खडूने आपल्या गेलेल्या माणसांची नावं लिहिली होती. आमच्या शेजाऱ्यांनी वडिलांचं लिहिलं. जागा उरली नव्हती, म्हणून मुलाला खांद्यावर बसवून वरच्या विटांवर लिहून घेतलं.

लॉस एंजेलिस

माझ्या लॅबमधली एक सहकारी मेक्सिकन वंशाची आहे. तिच्या आजीच्या घरात डॉजर्स या इथल्या बेसबॉल संघाच्या स्टेडियमचं नाव काढायची सोय नव्हती. स्टेडियम आहे त्या चावेझ रवीनमध्ये पूर्वी मेक्सिकन-अमेरिकन वस्त्या होत्या. १९५० च्या सुमारास शहराने सरकारी घरं बांधायची म्हणून तिथली जागा घ्यायला सुरुवात केली. बहुतेक लोक निघून गेले, मग घरांची योजनाच बारगळली आणि जमीन मिळाली ब्रुकलिनहून आलेल्या डॉजर्सना. मे १९५९ मध्ये उरलेल्या कुटुंबांपैकी काहींना पोलिसांनी अक्षरशः उचलून बाहेर काढलं. ते फोटो आजही बघवत नाहीत. १९६२ ला तिथे स्टेडियम उघडलं. आजीने तिथे पाऊल ठेवणार नाही अशी शपथ घेतली होती.

मग १९८१ साल आलं. मेक्सिकोच्या सोनोरा प्रांतातल्या एका लहानशा गावचा, शेतकरी घरातला, बारा भावंडांतला शेंडेफळ असलेला फर्नांडो व्हॅलेन्झुएला वयाच्या विसाव्या वर्षी डॉजर्सचा पिचर म्हणून उभा राहिला. पहिले आठही सामने जिंकला, त्यातले पाच समोरच्यांना एकही धाव न देता. हात फिरवण्याआधी नजर आकाशाकडे. त्या वर्षी सर्वोत्तम नवोदित आणि सर्वोत्तम पिचर हे दोन्ही पुरस्कार त्यालाच मिळाले. आजी स्वयंपाकघरात स्पॅनिश रेडिओवर हायमे हारीन यांचं समालोचन लावून बसायची, फर्नांडोची इनिंग संपेपर्यंत तव्यावर काही टाकायची नाही. पण स्टेडियमात ती शेवटपर्यंत गेली नाही. सहकारी मात्र आईचा हात धरून गेली, आणि आजीने अडवलं नाही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये, वर्ल्ड सिरीज तोंडावर असताना, फर्नांडो गेला. ही बाई त्याच्या ३४ नंबरचा शर्ट घालून आठवडाभर लॅबमध्ये येत होती. डॉजर्स जिंकले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिने आम्हा सगळ्यांना आजीची ही हकीकत पहिल्यांदा सांगितली.

होबोकेन, न्यू जर्सी

माझी मुलगी लिटल लीगमध्ये, म्हणजे लहान मुलांच्या बेसबॉलमध्ये, मुलांच्या बरोबरीने शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधली क्षेत्ररक्षक) म्हणून खेळते. नवा ग्लव्ह आणला की त्याला तेल चोळायचं, आत चेंडू ठेवून जाड रबरबँड बांधायचे आणि रात्री गादीखाली ठेवून झोपायचं, म्हणजे चामडं हाताला बसतं. हे तिला मैदानालगतच्या बाकावर रोज येऊन बसणाऱ्या एका आजोबांनी शिकवलं. मारिया पेपेचं नावही त्यांच्याच तोंडून पहिल्यांदा ऐकलं. १९७२ मध्ये ही मुलगी याच गावात मुलांच्या संघातून पिचर म्हणून उतरली. तीन सामने झाले आणि लिटल लीगच्या मुख्यालयाने तंबी दिली की मुलगी खेळवलीत तर मान्यता काढून घेऊ. तिला थांबावं लागलं. स्त्रियांच्या राष्ट्रीय संघटनेने तिची बाजू घेतली, न्यू जर्सीत निकाल मुलींच्या बाजूने लागला आणि १९७४ पासून लिटल लीगमध्ये मुली खेळू लागल्या. तोवर मारियाचं खेळायचं वय उलटून गेलं होतं. याच होबोकेनमध्ये १८४६ साली एलिसियन फील्ड्सवर लिखित नियमांनुसार सामना झाला होता, त्याची पाटी गावात आहे आणि लोक तिच्यासमोर फोटो काढतात. माझ्या मते मारियाचा इतिहास त्याहून मोठा आहे, आणि तो शाळेत शिकवला पाहिजे.

कॅन्सस सिटी

इकडे आलात तर निग्रो लीग्ज बेसबॉल म्युझियम चुकवू नका. १९२० मध्ये याच शहरात रूब फॉस्टरने कृष्णवर्णीयांची लीग उभी केली, कारण मेजर लीगची दारं त्यांना बंद होती. आत शिरलात की जाळीपलीकडे एक मैदान दिसतं, त्यावर त्या काळच्या महान खेळाडूंचे पुतळे आपापल्या जागी उभे आहेत. पण मैदानात लगेच जाता येत नाही, सगळा इतिहास वाचून झाल्यावर शेवटीच जाता येतं. माझा मुलगा जॉश गिब्सनच्या पुतळ्यापाशी थांबला. गिब्सन जानेवारी १९४७ मध्ये, अवघ्या ३५ व्या वर्षी गेला. १५ एप्रिल १९४७ ला जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय खेळाडू मेजर लीगमध्ये ब्रुकलिनकडून मैदानात उतरला आणि दार उघडलं. मधे जेमतेम तीन महिने! २०२४ मध्ये या लीगचे आकडे मेजर लीगच्या नोंदींत धरले गेले आणि कारकिर्दीतल्या फलंदाजीच्या सरासरीत गिब्सन तोवर अव्वल असलेल्या टाय कॉबच्याही वर, पहिल्या क्रमांकावर आला. उशिरा झालं, पण व्हायलाच हवं होतं.

फ्रीमाँट, कॅलिफोर्निया

माझे बाबा सांगलीचे, रेडिओवर बाळ ज. पंडितांचं मराठी क्रिकेट समालोचन ऐकत वाढलेले. आमच्याकडे राहायला आले की दिवस खायला उठायचा. एकदा माझ्या मुलाने त्यांना ओकलंड एज (A's) या जवळच्या संघाचा सामना लावून दिला आणि हातात स्कोअरबुक ठेवलं. त्यात प्रत्येक जागेला आकडा असतो : पिचर १, कॅचर २, शॉर्टस्टॉप ६. चेंडू शॉर्टस्टॉपकडून सेकंड बेसला, तिथून फर्स्टला गेला आणि दोघं आऊट झाले, तर ६-४-३ लिहायचं. ही सामना नोंदवायची पद्धत रुजवणारा हेन्री चॅडविक इंग्लंडात जन्मलेला आणि आधी क्रिकेटचं वार्तांकन करणारा पत्रकार होता, हे कळल्यावर बाबांना हा खेळ घरचाच वाटायला लागला. रोज संध्याकाळी चहा, चिवडा, पेन्सिल, खोडरबर. नातू चुकला की बाबा खोडायला लावायचे.

मग संघ शहर सोडणार अशी बातमी आली. १३ जून २०२३ ला प्रेक्षक मुद्दाम मोठ्या संख्येने आले, २७ हजारांवर, "संघ विका" असं मालकाला ओरडून सांगायला. आम्हीही होतो. तरी २६ सप्टेंबर २०२४ ला ओकलंडमधला शेवटचा सामना झालाच. टेक्सासला ३-२ ने हरवलं, लोक जागेवरून हलत नव्हते. १९६८ पासून ओकलंडमध्ये असलेला संघ, इथे असताना चार वेळा वर्ल्ड सिरीज जिंकलेला. गावाचा संघ कुणीतरी उचलून नेऊ शकतो हे बाबांना आजही पटत नाही. आता ते म्हणतात, सॅन फ्रान्सिस्कोचे जायंट्स बघू या. नातू अजून तयार नाही.