अमेरिकन लोककथांवर गेमविश्व: 'तिथे आहेच काय?' विचारणाऱ्यांसाठी

फासेवाला:
परवा दुसऱ्या एका धाग्यावर एकाने ठोकून दिलं, "अमेरिकेला जेमतेम अडीचशे वर्षं झाली, तिथे कसल्या आल्यात दंतकथा? फॅन्टसी करायची तर एल्फ-ड्रॅगन घ्या, नाहीतर आपला वेताळ." तिथे दोन ओळींत भागेना, म्हणून हा वेगळा धागा.

आमचं शनिवारचं टोळकं रोल-प्लेइंग गेम खेळतं (फासे टाकायचे, पात्रं वठवायची); त्यांच्यासाठी मी नेमकं तेच विश्व बांधतोय. राजे नाहीत, किल्ले नाहीत. लाकूडतोड्यांचे तळ, रेल्वेचे बोगदे, नदीतल्या बोटी. कारण तिथली कितीतरी भुतं कामाच्या जागी जन्मली. हाइडबिहाइंड घ्या. हा कायम तुमच्या पाठीमागे, वळलात की झाडाआड. जुने गडी नवख्यांना असल्या गोष्टी सांगून त्यांची टरकवायचे. पेनसिल्व्हेनियातल्या हेमलॉकच्या रानातला स्क्वाँक आपल्या अंगावरच्या चामखिळींच्या लाजेने रडत फिरतो, पोत्यात कोंडला तर अश्रूंत विरघळून जातो. विल्यम कॉक्स या वनखात्यातल्या माणसाने १९१० साली स्क्वाँक आणि त्याची बरीच जमात छापून ठेवलीय.

माझ्याकडे जादू म्हणजे थाप. जेवढी मोठी थाप तेवढी ताकद, पण दुसऱ्या खेळाडूने ती आणखी फुगवून पुढे न्यायची. कुणी "हॅ!" म्हटलं की फुस्स. सफरचंदाच्या बिया पेरत फिरणारा जॉनी ॲपलसीड आमचा ड्रुइड, म्हणजे झाडापेडांची जादू करणारा: बी फेकलं की रातोरात गोड सफरचंदांची बाग. आता बोला, आहे की नाही माल?

आडगल्ली:
थापांचं विश्व आणि पॉल बन्यनचं नाव नाही? सोयीस्कर विसर! तो अवाढव्य लाकूडतोड्या आणि त्याचा निळा बैल गाजवला रेड रिव्हर लंबर कंपनीच्या जाहिरात-पुस्तिकांनी, १९१४ पासून. लोककथांचे अभ्यासक रिचर्ड डॉर्सन यांनी १९५० मध्येच असल्या मालाला बनावट ठरवलं. मग आपणही टूथपेस्टच्या जाहिरातींचं पुराण करू या.

फासेवाला:
बन्यनच्या गोष्टी पुस्तिकेच्या आधीपासून तळांवर चालायच्या. आणि कंपनी माझ्याकडे खलनायक आहे. ती गड्यांच्या थापा विकत घेते, छापते, आणि छापून आली की त्या थापेतली जादू मरते. वाचायच्या आधीच फटके कशाला?

आडगल्ली:
हे लिहिलंत कुठे होतं की वाचू? असो. कल्पना बरी आहे. (दात-ओठ खाऊन.)

ओहायोकाठची:
तुमच्या भुतांच्या यादीत मूलनिवाशांचे वेंडिगो (माणसं खाणारं भूत) आणि स्किनवॉकर (जनावराचं रूप घेणारा चेटक्या) असतीलच. नसतील तर तुमचं टोळकं आणेल. कॉलेजात माझी रूममेट नवाहो या मूलनिवासी जमातीची होती. मी हौसेने स्किनवॉकरबद्दल विचारलं, तर तिने तोंड फिरवलं आणि झोपेपर्यंत माझ्याशी अक्षर बोलली नाही. त्यांच्यात बाहेरच्यांपुढे तो विषय काढत नाहीत. तुम्ही त्याला हिट पॉइंट देणार, म्हणजे किती फटक्यांत मरेल त्याचा आकडा! आणि जंगल रिकामं होतं, गडी आले आणि गोष्टी सुरू झाल्या, हे कुणी सांगितलं? 'कोयोटी अँड क्रो' बघा. तिथल्या मूलनिवासी निर्मात्यांनीच काढलेला खेळ आहे, त्यात गोऱ्यांची वसाहत झालीच नाही असं धरलंय.

डी२०_दादर:
आले नैतिकतेचे हवालदार. एका रूममेटच्या रुसव्यावरून अख्खा नियम? उद्या जॉन हेन्रीही काढा म्हणाल. वाफेच्या यंत्राशी हातोड्याने शर्यत लावली, जिंकला आणि मेला. फायटर क्लास, म्हणजे लढवय्या पात्र, विषय संपला.

ओहायोकाठची:
काढू नका, नीट घाला. इतिहासकार स्कॉट नेल्सन यांच्या मते तो व्हर्जिनियाच्या तुरुंगातून रेल्वेच्या बोगद्यावर भाड्याने दिलेला कृष्णवर्णीय कैदी होता. असे किती कैदी दगडाच्या धुळीने छाती भरून मेले. तुमच्या फायटरला पगार मिळतो का, सांगा.

डी२०_दादर:
खेळायचंय की पापक्षालन करायचंय?

रायवळ:
भांडा तुम्ही. मला त्या ड्रुइडचं बोलायचंय. बी फेकून गोड सफरचंद? सफरचंदाच्या बीपासून आईसारखं फळ येत नाही, कलमच लागतं. जॉन चॅपमनच्या, म्हणजे खऱ्याखुऱ्या ॲपलसीडच्या, त्या रोपांची फळं बहुतेक आंबट, सायडरची दारू करायच्या लायकीची. कोयीच्या आंब्याचं तेच. माझ्या वडिलांना एका नर्सरीवाल्याने हापूसचं कलम म्हणून कोयीचं रोप गळ्यात मारलं. हंड्याने पाणी घालून वाढवलं आणि फळ आलं ते नुसते दोरे! घेताना बुंध्याला बोट फिरवून बघा, सांध्याची गाठ लागायला हवी.

आडगल्ली:
रायवळला नावं ठेवू नका हो. चोखून खायला रायवळच. हापूस म्हणजे पेटीत बसून मिरवणारा आंबा.

रायवळ:
आयडी वाचलात का माझा? मला रायवळ प्रिय आहे, रायवळच्या भावाने मिळाला तर!

डी२०_दादर:
धागा आंब्यात गेला. मॉडरेटर आहेत का जागे?

फासेवाला:
वेंडिगो आणि स्किनवॉकर नव्हतेच, आता येणारही नाहीत. ताई, खूश? कैद्यांची टोळी पहिल्याच साहसात घेतो, पळून जायचा डाव त्यांचा. ड्रुइड राहील, फक्त बागेतून दारू निघेल. टोळकं उलट जास्तच खूश होईल. रायवळसाहेब, त्याला कलम करण्याचा मंत्र देऊ का?

रायवळ:
मुळीच नको. कलम करणं चॅपमनला पाप वाटे म्हणतात, झाडाला इजा होते म्हणून. आमचा नर्सरीवालाही त्याच पंथाचा असावा, फक्त पैसे कलमाचे घ्यायचा.