मदत हवी आहे : बोटाच्या ठशाच्या सवयीमुळे वडील मास्टर पासवर्ड विसरतात

नमस्कार.

माझे आईवडील ठाण्यात नौपाड्याला राहतात आणि मी घोडबंदर रस्त्याला, त्यामुळे त्यांच्या संगणकाची अडचण आली की लगेच पोहोचणे मला जमतेच असे नाही. वडील ७४ वर्षांचे आहेत. निवृत्तिवेतन, म्युच्युअल फंड, वीजबिल, मालमत्ता कर हे सगळे ते स्वतः पाहतात आणि त्यांचे पासवर्ड आजवर एका डायरीत लिहीत आले. गेल्या दिवाळीत मी त्यांना विंडोज ११ असलेला, बोटाचा ठसा घेणारा लॅपटॉप आणून दिला आणि डायरीतले सर्व पासवर्ड बिटवॉर्डन या पासवर्ड सांभाळणाऱ्या ॲपमध्ये भरले.

ठसा चोरीला गेला तर तो बदलता येत नाही, ही वडिलांची पहिली शंका होती आणि ती रास्तच होती. विंडोज हॅलोमध्ये, म्हणजे ठशाने किंवा पिनने संगणक उघडण्याच्या विंडोजच्या सोयीत, ठशाची माहिती त्याच संगणकात राहते, कोणत्याही संकेतस्थळाकडे जात नाही, ठसा जुळला नाही तर पिन चालतो आणि तो पिनसुद्धा त्या एका संगणकापुरताच असतो, हे नीट समजावून दिल्यावर ते तयार झाले.

खरी अडचण पुढे आली. लॅपटॉप पूर्ण बंद होऊन पुन्हा सुरू झाला, की बिटवॉर्डनने पहिल्यांदा मास्टर पासवर्डच (बाकी सगळे पासवर्ड उघडणारा मुख्य पासवर्ड) मागावा आणि त्यानंतर दिवसभर ठशावर उघडावे, अशी व्यवस्था मी मुद्दाम ठेवली होती. पण वडील लॅपटॉप कधी बंद करतच नाहीत, नुसते झाकण मिटतात. त्यामुळे कित्येक आठवडे मास्टर पासवर्ड टंकण्याची वेळच आली नाही, आणि मागच्या महिन्यात विंडोजच्या अपडेटनंतर तो मागितला गेला तेव्हा त्यांना काही केल्या आठवेना. तो हरवला तर बिटवॉर्डनवालेही परत देऊ शकत नाहीत, कारण तो त्यांच्याकडे नसतोच. मी लिहून ठेवलेला कागद देवघराच्या खणात सापडला म्हणून निभावले, परंतु तोवरचे दोन तास वडील फार घाबरले होते.

ठशाची सोय काढून टाकावी असे मला वाटत नाही, कारण सांधेदुखीमुळे लांब पासवर्ड टंकणे त्यांना खरोखर जड जाते. रोज रात्री लॅपटॉप बंद करण्याची सवय लावली तर सकाळी एकदा पासवर्ड टंकला जाईल आणि लक्षात राहील, असा माझा विचार आहे. कोणी घरातल्या ज्येष्ठांसाठी असे करून पाहिले आहे का? तो कागद घरात ठेवावा की बँकेच्या लॉकरमध्ये?

दुसरा प्रश्न आईचा आहे आणि तो मला अधिक महत्त्वाचा वाटतो. वडील आजारी पडले तर तिला व्यवहार पाहता यायला हवेत. वडिलांच्याच खात्यात तिच्या बोटाचा ठसा नोंदवता येतो, पण मग ठसा कोणाचा हे विंडोज वेगळे ओळखत नाही आणि तिला सगळेच उघडे होते. त्यातून तिच्या बोटांवरच्या रेषा इतक्या झिजल्या आहेत की नोंदणी दोनदा फसली. बिटवॉर्डनच्या सशुल्क योजनेत आणीबाणीच्या प्रवेशाची सोय आहे, ज्यात तिने मागणी केल्यावर वडिलांनी ठरलेल्या दिवसांत नकार दिला नाही तर तिला प्रवेश मिळतो. ती कोणी प्रत्यक्ष वापरली असल्यास, प्रतीक्षेचे दिवस किती ठेवले आणि ज्येष्ठ व्यक्तीला ती एकटीने वापरता आली का, हे कृपया सविस्तर लिहावे. येत्या रविवारी मी नौपाड्याला जाणार आहे, त्याआधी उत्तर मिळाल्यास तेव्हाच सगळे करून देता येईल.