मदत हवी आहे: पाषाण तलावाच्या कडेला डासांसाठी फवारणी, पक्ष्यांचं काय?

नमस्कार मंडळी,

मी पुण्यात पाषाण तलावाजवळच्या एका सोसायटीत राहते. डासांनी सगळे बेजार आहेत, दिवेलागणीला खिडकी उघडायची सोय नाही, त्यामुळे तक्रार रास्तच आहे. आता कमिटी तलावाच्या कडेने, जलपर्णीत औषध मारून मिळावं म्हणून अर्ज देणार आहे. माझीही सही मागितलीये. पण नेमक्या त्याच पट्ट्यात धोबी पक्षी शेपटी हलवत चिखलातले किडे टिपतात, शेकाटे गुडघाभर पाण्यात उभे असतात, वर भिंगऱ्या घिरट्या घालतात. सगळे किड्यांवर जगणारे.

औषध कोणतं, हे कुणालाच सांगता येईना. खरा फरक तर तिथेच आहे! फेन्थिऑन हे कीटकनाशक पक्ष्यांना थेट विषारी. पायरेथ्रॉइड गटातलं कीटकनाशक पक्ष्यांना फारसं बाधत नाही, पण पाण्यात उतरलं की मासे मरतात आणि चतुरांच्या अळ्याही. डासांच्या अळ्या फस्त करणारे तेच, म्हणजे आपणच आपले राखणदार मारायचे.

बीटीआय हा जिवाणू त्यातल्या त्यात सौम्य. त्याचं विष अळीच्या आतड्यात गेल्यावरच काम करतं, पक्ष्याला थेट इजा नाही. तरीही फ्रान्सच्या कामार्ग पाणथळीत बीटीआय फवारलेल्या भागात भिंगरीच्या कुळातल्या एका पक्ष्याची घरट्यामागे सरासरी २.३ पिल्लं उडाली, न फवारलेल्या भागात ३.२. डासांबरोबर न चावणारी चिलटंही घटली आणि पिल्लांचा घास गेला. अमेरिकेत मिनेसोटातल्या अभ्यासात मात्र पक्ष्यांवर असा परिणाम आढळला नव्हता. मग आपल्याकडे काय धरून चालायचं?

आणखी एक. कमिटीला धास्ती आहे डेंगीची. पण डेंगी पसरवणारा एडिस डास वाढतो घरातल्या-गच्चीवरच्या साठलेल्या पाण्यात, कुंडीखालच्या ताटलीत, पडक्या टायरात. तलावाच्या सांडपाण्यात वाढतो तो क्युलेक, वेगळ्या जातीचा डास. तलाव फवारून डेंगी कसा हटणार? हे सभेत कुणालाही न दुखावता कसं मांडू?

जाणकारांनी कृपया सांगावं: नुसती जलपर्णी काढून डास कितपत कमी होतात? फवारणी टळणारच नसेल, तर औषधाचं नाव, मात्रा आणि हिवाळी पाहुणे असतानाचे महिने वगळणं, एवढं अर्जातच लिहून घेता येईल का? कुणी आपल्या भागात असा अर्ज दिला असेल तर मजकूर इथे टाका, प्लीज. सभा याच रविवारी आहे.