बोडीसाठी वाट वाकडी कराच
कॅलिफोर्नियातल्या बोडी या सोन्याच्या खाणींच्या, आता ओसाड पडलेल्या गावात पडक्या लाकडी घरांपलीकडे काही नाही, ३९५ हायवे सोडून आत वळू नका, असं एक मत वाचलं, ते मला अजिबात पटलं नाही. घरं मुद्दामच तशी ठेवली आहेत: कोसळू नयेत एवढीच डागडुजी, रंगरंगोटी नाही. दुकानाच्या काचेला नाक लावून बघा, फळ्यांवर जुने डबे तसेच आहेत.

आणि स्टँडर्ड मिलची टूर चालू असेल तर सोडू नका. सोन्याचा दगड कुटणारी ही गिरणी आधी सरपणाच्या वाफेवर चालायची, आणि ते फार महाग पडायचं. म्हणून १८९२-९३च्या सुमारास ग्रीन क्रीकवर जनित्र बसवून १३ मैलांवरून तारांनी वीज आणली. त्या काळात, त्या उंचीवर, केवढं धाडस! शेवटचे ३ मैल रस्ता कच्चा आहे आणि गावात खायला काही मिळत नाही, तेव्हा पेट्रोल आणि डबा हायवेवरच्या ब्रिजपोर्ट किंवा ली व्हायनिंग गावातच भरून घ्या.