जुन्या वळणाच्या माणसाला इंग्रजीत काय म्हणावं?

मांजराकाठ_लातूर:
नमस्कार मंडळी. ॲग्रीच्या शेवटच्या वर्षाला हाय, रावेचा, म्हणजे गावात राहून शेतीचा अनुभव घ्यायच्या कार्यक्रमाचा रिपोर्ट इंग्रजीत लिहायलो. आम्हाला जोडून दिलेले शेतकरी आबा सत्तरीतले हायत, सोयाबीन बीबीएफनं, म्हणजे रुंद वरंबा-सरी पाडणाऱ्या यंत्रानं पेरा म्हणलं तर नको, तिफणीनंच पेरणार, आणि फोनवर पैसे घ्यायचे तर त्याहून नको. मी ऑर्थोडॉक्स लिहिलं तर पार्टनर म्हणायलाय ते धर्माचं असतं. नेटवर ओल्ड फोगी, फडी-डडी, लडाइट, डायहार्ड असे ढीगभर शब्द निघाले, ह्यातला बसतो कोणता? आबांनी आम्हाला लई जीव लावलाय, त्यांचा अपमान होईल असं काही नको.

गोदावरी_नांदेड:
फोगी आणि फडी-डडी काढूनच टाक, ते चिडवायचे शब्द. ऑर्थोडॉक्स धर्माबाहेरही चालतो पण त्यात ठरलेलं मत मानणारा असा अर्थ येतो, पेरणीला बसत नाही. डायहार्ड लढाईतला, 1811 ला स्पेनमधल्या अल्बुएराला इंगलिस नावाच्या इंग्रज कर्नलनं पलटणीला झुंजत मरा म्हणून बजावलं असं सांगतात, पुढं 1911 मध्ये ब्रिटिश संसदेतल्या लॉर्ड्स सभेचे अधिकार कमी करणाऱ्या विधेयकाला शेवटपर्यंत विरोध करणाऱ्यांना हेच नाव पडलं. आबा कुणाशी भांडायले नाहीत.

पैठणचा_माग:
लडाइट तर अजिबात नको, आता नव्या यंत्राला नाक मुरडणाऱ्याला म्हणतात पण मूळचे लडाइट वेगळे. 1811 ला नॉटिंगहॅमकडं मोजे विणणाऱ्या कारागिरांनी यंत्रं फोडली, 1812 मध्ये यंत्र फोडणाऱ्याला फाशी असा कायदा झाला. त्यांचा जन्म यंत्रावरच गेलेला, राग होता तो मजुरी पाडून हलका माल काढणाऱ्या मालकांवर. आमचं घर हातमागाचं, पॉवरलूमच्या पैठणीनं भाव पडतो म्हणलं की लोक आम्हालाच मागासलेले ठरवतात, म्हणून हा शब्द असा सैल वापरलेला मला सहन होत नाही.

कयाधू_हिंगोली:
तुमच्या विस्तार शिक्षणाच्या पुस्तकातच शब्द हाय की, लॅगार्ड. एव्हरेट रॉजर्स ह्या अमेरिकी समाजशास्त्रज्ञानं 1962 मध्ये नवी गोष्ट स्वीकारणाऱ्यांचे पाच गट सांगितले, पहिले 2.5 टक्के इनोव्हेटर आणि सगळ्यात शेवटचे 16 टक्के लॅगार्ड. परीक्षेत लिहा, पण आबांच्या नावापुढं लिहायच्या आधी रॉजर्सचंच पुढचं वाचा, ह्या लोकांकडं पैसा तुटपुंजा असतो, नवं फसलं तर सावरायला काही नसतं म्हणून खात्री पटेस्तोवर ते थांबतात, आणि त्यांच्या जागेवरून बघितलं तर ते बरोबरच असतं. सगळा दोष माणसावर टाकू नका, व्यवस्थेकडंही बघा, हेबी त्यानंच मांडलंय. आता आबांना नीट विचारा, बीबीएफ कामून नको? रुंद वरंब्यावर पेरलं की जास्तीचं पाणी सरीतून निघून जातं, पावसाचा खंड पडला तर ओल टिकते, हे इतकी वर्षं शेती केलेल्या माणसाला कळत नसंल असं मला वाटत नाही. पण ते यंत्र ट्रॅक्टरचं, वापसा आला, म्हणजे जमीन पेरणीजोगी झाली की गावात सगळ्यांना एकदमच पाहिजे, नंबर लागेस्तोवर ओल उडून जाते आणि घरची तिफण तर दारातच हाय.

मांजराकाठ_लातूर:
विचारलं. आबा तेच म्हणले, गेल्या साली यंत्राची वाट बघत बसलेल्या शेजाऱ्याची पेर मागं पडली. मग रिस्क-ॲव्हर्स, म्हणजे धोका टाळणारा, असं लिहू का?

कयाधू_हिंगोली:
चालतंय, पण एका शब्दावर सोडू नका, त्याखाली यंत्राच्या भाड्याचं आणि नंबरचं सविस्तर लिहा. फोनचं वेगळं विचारा, त्याचं कारण दुसरंच निघंल.